नावाचं कडं

नाशिकच्या भांडीबाजारात हिरामणला हिरामण म्हणून फारसं कोणी हाक मारत नसे. 'नाववाला' म्हटलं की झालं. एका दुकानाच्या पायरीवर पोतं टाकून तो बसायचा, मांडीत भांडं धरायचा आणि गुरगुरणाऱ्या छोट्या मशीनची सुई त्यावर चालवायचा. चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून सप्रेम भेट. लग्नसराईत त्याला जेवायला फुरसत नसायची. कळशी असो नाहीतर परात, नाव घालावं तर हिरामणनंच, असं बायका म्हणायच्या. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि मनातून टम्म फुगायचा.

त्याची दोन ठाम मतं होती. पहिलं, नाव खोल पाहिजे. राखेनं घासून घासून भांडं पातळ झालं तरी नाव जाता कामा नये, म्हणून एकाच अक्षरावरून तो सुई तीनतीनदा फिरवायचा. दुसरं, नाव गोल पाहिजे. काठाखालून फिरत फिरत शेवटचं अक्षर पहिल्या अक्षराला येऊन भेटलं पाहिजे. जागा उरली तर मधे फूल काढायचा, पण रेघ तुटू द्यायचा नाही. एवढा हट्ट सोडला तर माणूस गरीब गायीसारखा. पण तो हट्ट काही त्यानं वेळेवर सोडला नाही.

पुढे लोक लग्नात खोक्यातले मिक्सर आणि डिनर सेट द्यायला लागले. खोकं फोडून त्यावर नाव कोण घालणार? हिरामणच्या पायरीवर माश्या बसायला लागल्या. दोन हजार दोन साली अंबडच्या एमआयडीसीतून जयरामशेठचा निरोप आला आणि बुडत्या माणसानं हात धरावा तसा त्यानं तो धरला.

जयरामशेठ मूळचा निफाडकडचा. शेतकऱ्याचा पोरगा, पण जिभेवर साखर आणि डोक्यात हॉलंड. त्याच्या कारखान्यात ट्रॉलीच्या पिना व्हायच्या. ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी मनगटाएवढी जाड पोलादी पिन; दोन्हीकडची भोकं एकावर एक आणायची आणि वरून सोडायची. मागचा सगळा भार त्या एका पिनेवर. हॉलंडच्या पार्टीला प्रत्येक पिनेवर नंबर हवा होता, म्हणजे कोणती पिन कोणत्या पोलादातून झाली ते नंतर कधीही सांगता यावं. हातोडीनं ठोकलेले नंबर वाकडेतिकडे उमटायचे, म्हणून शेठनं कर्ज काढून लेझरचं मशीन आणलं. आयटीआयची पोरं मशीन चालवायची, पण त्यांची अक्षरं कोंबडीच्या पायासारखी. मग कुणीतरी शेठला नाववाल्याची आठवण करून दिली.

लेझर हिरामणला आधी परकंच वाटलं. ना सुई, ना हाताला थरथर. काळ्या चष्म्याआडून बघायचं, पोलादावर पांढरी ठिणगी नाचते, टिकटिक आवाज होतो, जळल्या नखासारखा वास येतो आणि अक्षर तयार. पण मशीन शेवटी माणसाचं ऐकतं, हे त्याला महिनाभरात कळलं. हळू चालवलं की खोल जातं. पुन्हा चालवलं की आणखी खोल.

ड्रॉइंगमध्ये नंबर पिनेच्या डोक्यावर होता, तोही अगदी हलका. हॉलंडहून तक्रार आली की शेतकरी डोक्यावर हातोडी मारतात आणि नंबर पुसला जातो. शेठ कपाळाला हात लावून बसला, तेव्हा हिरामण पुढे झाला.

"शेठ, डोक्यावर नाव कोण घालतं? भांड्याला आपण काठाखाली घालतो ना, तसं हिच्या गळ्याखाली घालू. गोल. तीनदा फिरवू. जन्मात पुसणार नाही."

शेठनं पिन सावकाश फिरवणारा जुगाड लेथवाल्याकडून करून घेतला. डोक्याच्या जरा खाली, पिनेच्या अंगाभोवती आकड्यांचं कडं उमटलं. शेठनं त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं, तसा तो खूश झाला.

"याला म्हणतात एक्स्पोर्ट क्वालिटी!"

नमुना हॉलंडला गेला. माप बरोबर, कडकपणा बरोबर, नंबर तर काय, आंधळ्यानं बोटानं वाचावा असा. पास झाला. हिरामणला शेठनं सगळ्यांसमोर नारळ आणि टोपी दिली, आणि त्या दिवशी घरी जाताना त्याला आपण भांडीबाजारापासून फार लांब आलो असं वाटलं. खरं तर तो तिथून तसूभरही हलला नव्हता.

दोन हजार चारच्या मे महिन्यात हर्षालीचं लग्न झालं. एकुलती एक पोरगी. दिंडोरी तालुक्यातलं स्थळ, खडकदरा गाव, द्राक्षाचा बाग आणि नवा कोरा ट्रॅक्टर. जावई लखन बोलायला मोकळा, सासरा सावळीराम जरा मानपानाचा. भांडी तर सगळेच देतात. हिरामणनं शेठच्या परवानगीनं जादा निघालेली एक पिन घेतली आणि तिच्यावर सगळी कला ओतली. 'चि. सौ. कां. हर्षाली हिचे संसारास वडिलांकडून सप्रेम भेट.' कडं पुरं व्हायला थोडी जागा उरली, तिथं फूल काढलं. आणि पोरीचं नाव आहे म्हणून तीनदा नव्हे, पाचदा फिरवलं.

मांडवात त्या पिनेचं जे कौतुक झालं ते सोन्याच्या हाराचं झालं नाही. सावळीराम ती ज्याला त्याला दाखवत होता. "फॉरेनला जाती ही. आपल्या व्याह्याच्या हातची हाय." मग काय, खडकदऱ्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला आपल्या नावाची पिन पाहिजे झाली. भिमाजीला पाहिजे, सरपंचाला पाहिजे, पोलीस पाटलाला पाहिजे. हिरामणनं हौसेनं करून दिल्या. पोरीच्या सासरी आपला शब्द चालतो, याचं सुख बापाला काय असतं ते वेगळं सांगायला नको.

जानेवारीत, संक्रांतीच्या तोंडावर, हॉलंडहून एक खोकं आलं.

शेठनं हिरामणला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. टेबलावर तीन पिना होत्या, तिन्ही तुटलेल्या. तुटलेलं तोंड सपाट आणि स्वच्छ, करवतीनं कापल्यासारखं. हिरामणनं दोन तुकडे जोडून बघितले. पिन बरोबर आकड्यांच्या मधून गेली होती. आकड्यांचा वरचा अर्धा भाग या तुकड्यावर, खालचा त्या तुकड्यावर.

"तिन्ही तिथंच?" त्यानं विचारलं.

"तिन्ही तिथंच." शेठनं हॉलंडहून आलेला कागद पुढे सरकवला. "त्यांच्या इंजिनियरनं लिहिलंय. लेझर पोलाद कोरत नाही, वितळवतो. वितळून जे पुन्हा थिजतं ते काचेसारखं ठिसूळ. त्यात बारीक चिरा पडतात. एका जागी नंबर असता तर निभावलं असतं. आपण गोल फिरवून पुरं कडं केलं, आणि नेमकं तिथं, जिथं भार येतो. ऊस मोडायच्या आधी कोयत्यानं गोल चीर देतात ना, तशी चीर आपण आपल्या हातानं दिली रे."

हिरामणनं आधी माणसांचंच विचारलं. "कुणाला लागलं का?"

"तिकडं सपाट रान आहे. ट्रॉल्या नुसत्या थांबल्या जागेवर." शेठ उठून जवळ आला. "आता ऐक. परत आलेला माल मी बदलून देतोय. दुसरा कंटेनर बंदरात आहे, तो थांबवलाय. बाहेर एक अक्षर जाता कामा नये, नाहीतर कारखान्याला कुलूप लागेल. तू गावाकडं ज्या दिल्यास त्या गुपचूप गोळा कर. गुपचूप, कळलं?"

हिरामणला कळलं होतं, पण शेठला वाटत होतं ते नव्हे. त्याला फक्त एकच दिसत होतं: हर्षाली या नावाच्या मधून गेलेली आडवी चीर. खडकदरा काही हॉलंड नव्हे. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात आलेला, ट्रॉल्या रोज मजूर बाया भरून पेठकडच्या घाटातून चढत असणार. आणि सगळ्या पिनांत सगळ्यांत खोल कोरलेली पिन त्याच्या पोरीच्या दारात होती.

त्यानं त्याच दिवशी फोन लावला. सावळीरामनं उचलला. हिरामण म्हणाला, "व्याही, ती पिन जरा काढून ठेवता का? जुनीच घाला तोवर."

"का हो? काय झालं तिला?"

हिरामणच्या तोंडात शब्द होते. ती पिन तुटेल, माणसं मरतील. एवढं म्हणायचं होतं. पण मुलीचा बाप व्याह्याला फोनवरून कसा सांगणार की मी लग्नात दिलेली वस्तू खोटी निघाली? "काही नाही," तो म्हणाला, "त्याहून भारी मॉडेल आलंय."

"आसं व्हय! मग येऊ द्या की. ही काय वाईट हाय का? हत्ती वढील." सावळीराम हसला आणि त्यानं फोन ठेवला.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर हिरामणनं वत्सलाबाईला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. आधी घाबरली आणि मग व्यवहाराचं बोलली. "दिलेलं परत मागायला जाल तर पोरीला जन्मभर टोमणे ऐकावे लागतील. सासरा कसा आहे माहीत आहे ना? चार दिवसांवर संक्रांत आलीय. पोरीची पहिली संक्रांत. नवी पिन करा, जावयाला सणाची भेट म्हणून न्या आणि जुनी घेऊन या. त्यांचाही मान राहील, आपलाही राहील."

ऐकायला किती शहाणपणाचं. हिरामणला तर हायसंच वाटलं. आठ महिने टिकलीय, चार दिवस टिकेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. नवी पिन त्यानं केली, नाव फक्त डोक्यावर, केसाएवढं उथळ. बाकीच्यांसाठीही कोऱ्या पिनांची पिशवी भरली. दिवसा मशीनवर हात चालत होता तोवर ठीक. घरी फोन वाजला की मात्र तो बायकोला उचलायला लावायचा. ज्याला पोटची पोर आहे त्यानं लाजेपायी चार दिवस थांबावं, याचा मला आजही राग येतो. पण लाज म्हणजे काय, हे व्याह्याच्या दारात उभं राहिलेल्या माणसालाच कळतं, हेही खरं.

संक्रांतीच्या सकाळी तो एम-एटीवर पिशव्या अडकवून निघाला. एका पिशवीत तिळगूळ आणि हलव्याचे दागिने, दुसरीत पिना. दिंडोरीच्या पुढे रस्त्यात प्रत्येक ट्रॉली दिसली की तो गाडी हळू करायचा आणि जोडाकडं बघायचा.

सावळीरामच्या अंगणात शिरला आणि त्याला रडूच यायचं बाकी राहिलं. ट्रॅक्टर दारात उभा होता. मागे ट्रॉली, मधे पिन. सगळं जागच्या जागी.

"या, या, पाव्हणं!" सावळीराम ओसरीवरून उठला. "सणाच्या टायमाला आलात."

पाण्याचा तांब्या हातात घ्यायलाही हिरामण थांबला नाही. "आधी हे घ्या, जावयाला भेट आणलीय," म्हणत त्यानं नवी पिन पुढे केली आणि जुनी स्वतःच्या हातानं ओढून काढली. ग्रीसनं काळी झाली होती. रुमालानं पुसली. कड्यावरून बोट फिरवत त्यानं नाव शोधलं.

कड्यावर लिहिलं होतं, भिमाजी.

"ही हर्षालीची नाही," हिरामण म्हणाला.

"आता कोन वाचत बसतंय!" सावळीरामला हसू आलं. "खंडेनवमीला समद्या गावच्या पिना मारुतीच्या पारावर मांडल्या व्हत्या, हळदकुंकू वाहायला. उचलताना ज्याच्या हाती जी आली ती त्यानं नेली. पिनंला पिन. तुमच्या पोरीची भिमाजीकडं गेली. त्यो हसतो बी, म्हनतो माझ्या ट्रॅक्टरला तुमच्या सूनबाईचं नाव."

"भिमाजीचा ट्रॅक्टर कुठं आहे?"

"लखननं नेलाय. आपली ट्रॉली ल्हान पडती ना. पेठकडून भागीबाईच्या बाया आनायच्या, तिच्याच टोळीवर आपला बाग चाललाय. सणाचा दिस, बाया येत नाय म्हनत व्हत्या. सूनबाई म्हनली, मी सोता जाते, तिळगूळ देते, बरुबर घिऊन येते. काळी साडी नेसून गेली बघा, लय हौस."

आता मानपान कुठला आणि लाज कुठली. "व्याही, ती पिन तुटते," तो म्हणाला. "मी केलेली पिन तुटते. परदेशात तुटल्यात. मला ठाऊक होतं, मी बोललो नाही. चला."

सावळीरामचा चेहरा आधी रागानं लाल झाला. फसवणूक, अपमान, काय काय त्याच्या ओठावर आलं असेल. मग त्याच्या डोक्यात घाट आला असावा, कारण तो अनवाणीच येऊन एम-एटीवर मागे बसला.

रस्ता संपता संपेना. हिरामण सप्तशृंगीला नवस बोलत होता, मधेच मोठ्यानं पोरीचं नाव घेत होता. सावळीराम मागून एकच म्हणत होता, "पळवा, पळवा." घाटाच्या माथ्यावर आल्यावर त्यांनी गाडी रस्त्यात आडवी लावली आणि कठड्याशी धावले.

खाली, बऱ्याच खाली, ट्रॅक्टर चढणीला लागला होता. मागच्या ट्रॉलीत बाया दाटीवाटीनं उभ्या, लुगड्यांचे नाना रंग. पुढच्या फळीला धरून एक काळी साडी. लखननं लावलेल्या टेपचं गाणं वरपर्यंत ऐकू येत होतं, आणि बायाही हसत असाव्यात.

"थांबा! लखन, थांबव!" दोघं घसा फुटेस्तोवर ओरडले. हिरामणनं रुमाल हलवला. काळ्या साडीनं वर बघितलं की नाही, कुणास ठाऊक. तिनं हात वर केल्यासारखा वाटला. मग ट्रॅक्टर वळणावरच्या डोंगराआड गेला, त्यामागून ट्रॉली गेली, आणि रस्ता रिकामा झाला.

गाणं ऐकू येत होतं. हिरामण खालच्या दिशेनं पळत सुटला. गाणं वाजतंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं तो पळता पळता पुटपुटत होता. इंजिनचा आवाज चढणीनं जड होता. मधेच तो एकदम मोकळा झाला, ओझं उतरवल्यासारखा, आणि भरभर जवळ यायला लागला.

वळणाच्या अलीकडच्या तोंडातून ट्रॅक्टर बाहेर आला. लखन स्टिअरिंगवर, टेप मोठ्यानं चाललेला. सासऱ्याला रस्त्यात बघून त्याला नवल वाटलं आणि आनंदही झाला. "मामा! तुम्ही इकडं कुठं?" असं काहीतरी ओरडून त्यानं हात उंचावला.

हिरामण जागच्या जागी थांबला. तो लखनकडं बघत नव्हता, त्याच्या मागं बघत होता. ट्रॅक्टरमागे नुसता डांबरी रस्ता होता.

लखननं हात खाली घेतला आणि वळून मागं बघितलं.